मडक्यासारखा वाजवून घेतलेला बॉयलर

मराठीत मोटार 'जळते'. पिठाच्या गिरणीची असो, लेथची असो, नाहीतर विहिरीवरची, झाकण काढल्यावर वार्निशचा करपट वास आला आणि तांब्याची तार काळी पडलेली दिसली, की मालक म्हणतो, "मोटार जळाली." ज्वाळा कोणी पाहिलेली नसते. शेजारी टांगलेल्या पोत्यालाही झळ लागलेली नसते. तालुक्याच्या गावचा वाइंडिंगवाला ती उघडतो, जुनी तार उपसतो, नवी भरतो आणि चार दिवसांत मोटार पुन्हा फिरू लागते. पण हाच गिरणीवाला आगीच्या विम्याचा कागद घेऊन कंपनीच्या दारात गेला, तर त्याला कळतं की विम्याच्या भाषेत त्याची मोटार जळालेलीच नाही.

आगीच्या पॉलिसीत याबद्दल एक कलम असतं. विजेचं यंत्र जास्त भारानं, जादा दाबानं, शॉर्टसर्किटनं किंवा आपोआप तापून खराब झालं, तर त्या यंत्राचे पैसे मिळणार नाहीत. मात्र 'त्या यंत्राचे' एवढंच. त्याच मोटारीच्या ठिणगीनं गिरणी पेटली तर छपराचे पैसे मिळतील, धान्याचे मिळतील, बाजूच्या मिरचीकांडप यंत्राचेही मिळतील. जिच्यापासून सुरुवात झाली ती मोटार तेवढी भरपाईबाहेर. बॉयलरचंही तसंच. बॉयलर फुटून कारखान्याची भिंत पडली तर भिंत आगीच्या पॉलिसीत बसते, खुद्द बॉयलर बसत नाही.

पहिल्यांदा वाचताना हे वकिली खोडसाळपणासारखं वाटतं. पण त्यामागे खरोखरीचा प्रश्न आहे. आग बाहेरून येते, यंत्र आतून बिघडतं. आणि आतून बिघडलेल्या गोष्टीचा दोष कोणाचा? मालकानं तेलपाणी केलं नाही म्हणून बिघडलं, की बनवणाऱ्यानं लोखंड हलकं वापरलं म्हणून, की चालवणारा डुलकी घेत होता म्हणून, की नुसतंच नशीब? लंडन १६६६ साली जळालं आणि त्यानंतर वीसएक वर्षांच्या आत तिथे आगीचा विमा विकत मिळू लागला. यंत्र आपणहून मोडण्याचा विमा यायला मात्र १८५८ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात यंत्रं नव्हती म्हणून नव्हे. यंत्राच्या आत काय चाललंय हे पैसे लावणाऱ्याला दिसत नव्हतं म्हणून.

*

सुरुवात अर्थात वाफेपासून होते. मँचेस्टर आणि आसपासच्या कापडगिरण्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बॉयलर म्हणजे एक आडवं, पंचवीस-तीस फूट लांब लोखंडी पिंप असे. त्याच्या पोटातून आरपार दोन नळकांडी गेलेली. नळकांड्यांच्या तोंडाशी कोळशाची भट्टी, बाहेरून पाणी. 'लँकेशायर बॉयलर' म्हणून ओळखला जाणारा हा नमुना विल्यम फेअरबेर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ साली पेटंट केला. आपल्याकडच्या जुन्या गिरण्यांत आणि कारखान्यांत पुढे शंभर वर्षं हाच बॉयलर धूर ओकत होता.

पिंप फुटतं म्हणजे काय होतं, हे समजून घ्यायला हवं. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळतं. बंद पिंपात, दाबाखाली, ते त्याहून बरंच तापूनही पाणीच राहतं. पत्रा एके ठिकाणी फाटला की दाब क्षणात जातो आणि त्या हजारो लिटर पाण्यातलं काही एकदम वाफ होतं. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. ती जागा तिला द्यायला कारखान्याकडे भिंती पाडण्यावाचून उपाय नसतो. बॉयलरचे तुकडे शेजारच्या शेतांत, घरांच्या छपरांवर जाऊन पडल्याची वर्णनं त्या काळच्या वर्तमानपत्रांत नेहमीची आहेत.

आणि नेहमीचा असे तो निकाल. मृत्यूची चौकशी करणारी ज्युरी बसायची, दोन-चार साक्षी व्हायच्या आणि शेरा पडायचा: अपघाती मृत्यू. तज्ज्ञ म्हणवणारे लोक आणखी गोंधळ घालत. कोणी म्हणे, तापलेल्या पत्र्यावर पाणी पडून त्याचा हायड्रोजन झाला आणि तो पेटला. कोणी विजेवर बोट ठेवी. या सिद्धान्तांची एक सोय होती. स्फोट हायड्रोजननं झाला असेल, तर पत्रा चौथाई इंच झिजला होता की नाही हे विचारायची गरज उरत नाही. शिवाय दोष द्यायला बॉयलरवाला, म्हणजे आग घालणारा मजूर, हाताशी असेच. तो बहुधा स्फोटातच मेलेला असे, त्यामुळे उलट बोलत नसे.

दाब वाढून पिंप फुटू नये म्हणून वर सुरक्षा-झडप असते. तेव्हा ती एका दांड्याच्या टोकाला वजन लटकवून दाबून धरलेली असायची. वाफ ठरलेल्या दाबापलीकडे गेली की वजन उचललं जाई आणि वाफ फुर्रकन बाहेर पडे. बाहेर पडलेली वाफ म्हणजे फुकट गेलेला कोळसा. मग त्या दांड्याला आणखी एखादं वजन, एखादी वीट, लोखंडाचा तुकडा, जे मिळेल ते बांधायचं. हे काम मजूर करत, पण माग जास्त वेगानं चालावेत अशी इच्छा मजुराची नसते.

फेअरबेर्न हा स्कॉटलंडमधल्या गरीब घरातून आलेला, हातानं शिकलेला यंत्रकार. त्याला पत्र्याची ताकद, रिव्हेटच्या जोडाची ताकद मोजण्याचं वेड होतं. १८५४ साली रॉचडेलच्या एका गिरणीत बॉयलर फुटून दहा माणसं मेली, तेव्हा चौकशीत त्यानं साक्ष दिली. त्याचं म्हणणं एका ओळीत सांगता येण्यासारखं होतं: दाब जास्त होता आणि लोखंड त्याला पुरेसं नव्हतं, बाकी गूढ काही नाही. त्याच वर्षी मँचेस्टरच्या गिरणीमालकांना आणि जोसेफ व्हिटवर्थसारख्या यंत्रकारांना घेऊन त्यानं एक संघटना उभारली. 'मँचेस्टर स्टीम यूजर्स असोसिएशन' असं तिचं पुढे रूढ झालेलं नाव.

ही विमा कंपनी नव्हती, आणि गोष्ट रंगते ती इथेच. संघटना पैसे देत नसे, माणूस पाठवत असे. मालकानं वर्गणी भरायची. ठरलेल्या वेळी तपासनीस येणार. बॉयलर थंड करायचा, पाणी सोडायचं, काजळी झाडून घ्यायची. मग हा गृहस्थ मेणबत्ती आणि हातोडी घेऊन मॅनहोलमधून आत उतरणार, नळकांड्यांच्या मधल्या फटीतून पोटावर सरकत जाणार आणि पत्रा इंचाइंचानं ठोकत पुढे जाणार. बाजारात बाई मडकं घेताना बोटानं टिचकी मारून पाहते, अगदी तसं. सणसणीत नाद आला तर पत्रा ठीक. बद्द आवाज आला की आत गंज चढलाय किंवा थर सुटलाय. तेवढी जागा खडूनं खुणेची. बाहेर आल्यावर अहवाल.

यंत्राचा विमा या हातोडीतून जन्मला. संघटनेचा पहिला मुख्य तपासनीस रॉबर्ट लाँगरिज. चारेक वर्षं बॉयलर ठोकल्यावर त्याच्या लक्षात आलं असावं की आपल्याला आता बॉयलर फुटण्याचा अंदाज बांधता येतो. आणि ज्याचा अंदाज बांधता येतो त्यावर पैसे लावता येतात. १८५८ साली तो संघटनेतून बाहेर पडला आणि मँचेस्टरातच बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. तपासणी तीच, हातोडी तीच. फरक इतकाच की तपासूनही बॉयलर फुटलाच, तर कंपनी पैसे मोजणार.

जुन्या संघटनेला हे अजिबात पटलं नाही. फेअरबेर्न आणि नंतर मुख्य अभियंता झालेला लॅव्हिंग्टन फ्लेचर यांची तक्रार आज वाचली तरी ताजी वाटते. विमा कंपन्या एकमेकींशी स्पर्धा करणार, हप्ता खाली आणणार. हप्त्यातला मोठा भाग तपासणीवर जातो, म्हणजे काटायची ती तपासणीच. स्फोट रोज होत नाहीत. एखादी भरपाई देऊन टाकणं हे दहा तपासनीस वर्षभर पोसण्यापेक्षा स्वस्त पडत असेल, तर व्यापारी बुद्धीचा माणूस काय करील? शिवाय नुकसान भरून मिळणार म्हटल्यावर मालकही सैल होईल. मला यात फ्लेचरची बाजू बळकट वाटते. पण गिरणीमालकांना ती वाटली नाही. त्यांना कागदावर आकडा हवा होता. काही वर्षांत संघटनेलाच झुकून तपासलेल्या बॉयलरमागे हमीची रक्कम द्यायला सुरुवात करावी लागली. सरकारनं हात घातला तो बऱ्याच उशिरा, १८८२ च्या कायद्यानं. तोही तपासणी सक्तीची करून नव्हे, तर प्रत्येक स्फोटाची चौकशी करून अहवाल छापून. 'अपघाती मृत्यू' या दोन शब्दांच्या जागी आता पत्र्याची जाडी, गंजाची जागा आणि मालकाचं नाव छापून येऊ लागलं.

१८७८ साली मँचेस्टरमध्ये आणखी एक कंपनी निघाली. तिनं बॉयलरपुढे जाऊन इंजिनाचा विमा घ्यायला सुरुवात केली. आजच्या मशिनरी ब्रेकडाउनची खरी आजी ती हीच. इंजिन फुटून माणसं मरण्याचे प्रसंग कमी. त्याचा दांडा तुटतो, गतिचक्राला तडा जातो, सिलिंडरमध्ये पाणी शिरून झाकण उडतं, आणि गिरणी बंद. म्हणजे इथे विमा जिवाच्या भीतीपासून सुटला आणि निव्वळ मोडतोडीवर आला. लाँगरिज घराण्यातलाच मायकेल लाँगरिज या कंपनीचा मुख्य अभियंता होता. मोडलेल्या इंजिनांबद्दल तो दरवर्षी अहवाल लिही: कुठला भाग तुटला, तुटलेला पृष्ठभाग कसा दिसत होता, चीर जुनी होती की नवी. एखाद्या वैद्यानं मेलेल्या रोग्यांची वही ठेवावी तसे हे अहवाल. कंपनीच्या नावात एकेकाळी 'एम्प्लॉयर्स लायबिलिटी' हे शब्द होते आणि पुढे 'इलेक्ट्रिकल' हा शब्द आला. दोन शब्दांत त्या उद्योगाचा सारा प्रवास आहे.

*

अटलांटिकच्या पलीकडे हीच गोष्ट जास्त रक्त सांडून घडली.

अमेरिकेत बॉयलर गिरण्यांपेक्षा नदीतल्या आगबोटींत जास्त फुटत. मार्क ट्वेनचा धाकटा भाऊ हेन्री १८५८ साली मिसिसिपीवर 'पेनसिल्व्हेनिया' नावाच्या बोटीच्या स्फोटानंतर असाच गेला. पण सगळ्यांत भयंकर प्रसंग 'सुलताना'चा. २७ एप्रिल १८६५. यादवी युद्ध संपत आलेलं, लिंकनचा खून होऊन दोन आठवडेही झालेले नाहीत. दक्षिणेतल्या तुरुंगांतून सुटलेले उत्तरेचे सैनिक घरी निघाले होते. ३७६ माणसांची परवानगी असलेल्या बोटीत दोन हजारांहून अधिक लोक कोंबले होते, कारण सरकार डोईमागे भाडं देत होतं. मेम्फिसच्या थोडं पुढे रात्री बॉयलर फुटले. मेलेल्यांचा आकडा अकराशेपासून अठराशेपर्यंत वेगवेगळा दिला जातो.

त्या बोटीचा एक बॉयलर आधीच गळत होता. विक्सबर्गच्या बंदरात कारागिरानं पाहिलं आणि पत्रे बदलायला हवेत असं सांगितलं. त्याला काही दिवस लागले असते, आणि तेवढ्यात सैनिकांची फेरी दुसऱ्या बोटीला गेली असती. कप्तानानं फुगलेल्या जागेवर एक ठिगळ मारून घेतलं. ठिगळाचा पत्रा मूळ पत्र्याहून पातळ होता. स्फोट नेमका त्यामुळेच झाला की आणखी कशानं, यावर नंतर वाद झाले. पण तपासणाऱ्याचा शब्द आणि वेळापत्रक यांच्यात काय जिंकलं, त्यात वाद नाही.

कनेटिकटमधल्या हार्टफर्ड गावाला हे दुःख ओळखीचं होतं. तिथे २ मार्च १८५४ रोजी फेल्स अँड ग्रे या रेल्वेडबे बनवणाऱ्या कारखान्यात जेमतेम महिनाभर वापरलेला बॉयलर फुटून एकवीस माणसं दगावली. गावात जखमींना ठेवायला इस्पितळ नव्हतं. त्या स्फोटानंतर गावकऱ्यांनी ते उभारलं. तीन वर्षांनी गावातल्या काही तरुण यंत्रकारांनी 'पॉलिटेक्निक क्लब' काढला. वाफेवर वाद घालायचा, इंग्लंडहून येणारे मँचेस्टरचे अहवाल वाचायचे. 'बॉयलर फुटतो तो देवाच्या मर्जीनं' हे त्यांना मान्य नव्हतं. हार्टफर्ड हे आधीपासूनच विमा कंपन्यांचं गाव, त्यामुळे पुढचं पाऊल सुचायला वेळ लागला नाही. मध्ये युद्ध आलं, मग 'सुलताना' झाली, आणि १८६६ साली 'हार्टफर्ड स्टीम बॉयलर इन्स्पेक्शन अँड इन्शुरन्स कंपनी' स्थापन झाली. नावातला शब्दांचा क्रम पाहा. आधी इन्स्पेक्शन, मग इन्शुरन्स. मँचेस्टरच्या भांडणाचा निकाल त्यांनी नावातच लावून टाकला होता. तपासनीसानं सांगितलेली दुरुस्ती मालकानं केली नाही, तर पॉलिसी रद्द. पुढच्याच वर्षी कंपनीनं 'द लोकोमोटिव्ह' नावाचं मासिक काढलं. त्यात कुठे कुठे बॉयलर फुटले याच्या याद्या येत.

हातोडीलाही मर्यादा होती. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी २० मार्च १९०५ च्या सकाळी ग्रोव्हर बूट कारखान्यातला जुना, राखीव म्हणून ठेवलेला बॉयलर फुटला आणि छपरातून वर गेला. लाकडी इमारत खाली बसली, तिला आग लागली, ५८ माणसं मेली. दोष निघाला तो जोडात. तेव्हा बॉयलरच्या पत्र्याची दोन टोकं एकमेकांवर चढवून रिव्हेट मारत. त्यामुळे पिंप नेमकं गोल होत नसे; दाब चढला-उतरला की जोड दरवेळी किंचित वाकायचा आणि वर्षानुवर्षांच्या वाकण्यानं दोन पत्र्यांच्या मध्ये, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, चीर सरकत जायची. ठोकून कळण्यासारखं हे नव्हतं. तपासून भागत नाही, बनवतानाच नियम हवा, हे तिथे कळलं. १९०७ साली त्या राज्यानं बॉयलर-बांधणीचे नियम केले आणि त्यातून अमेरिकन मेकॅनिकल इंजिनियर्सच्या संस्थेची १९१४ ची बॉयलर संहिता आली. 'एएसएमई कोड' हे शब्द आज पुण्यातल्या वा ठाण्यातल्या कुठल्याही बॉयलर बनवणाऱ्याच्या तोंडी असतात. त्यांच्या मुळाशी बूट शिवणारी माणसं आहेत.

जर्मनीत मानहाइमच्या एका बिअरच्या भट्टीत १८६५ साली स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या मालकांनी तपासणीची संस्था काढली. आज मोटारींच्या आणि लिफ्टच्या प्रमाणपत्रांवर दिसणारं 'टीयूव्ही' हे नाव त्याच वंशातलं. सर्व प्रकारच्या यंत्रांच्या बिघाडाचा विमा आज ज्या रूपात ओळखला जातो ते रूप मात्र १९०० च्या सुमाराला बर्लिनच्या आलियान्झ कंपनीनं रुळवलं. तोवर विजेच्या मोटारी आल्या होत्या, आणि मोटारीच्या आत शिरून हातोडी मारता येत नाही.

*

आपल्याकडे काय झालं?

इंग्रजी यंत्रांबरोबर इंग्रजी स्फोटही आले. १८५६ साली ताडदेवला कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत मुंबईच्या आकाशात चिमण्यांची रांग लागली. पण कायद्याला जाग आणली ती कलकत्त्यानं. १८६३ मध्ये तिथे बॉयलर फुटून बरीच माणसं मेली आणि १८६४ साली बंगालच्या कौन्सिलनं कलकत्ता शहर आणि उपनगरांतल्या बॉयलरच्या तपासणीचा कायदा केला. इंग्लंडमध्ये सरकार अजून लांबून पाहत होतं, तेव्हा वसाहतीत सरकारी तपासनीस नेमला गेला होता! यात सरकारची माया शोधायला नको. मँचेस्टरचे मालक एकत्र येऊन वर्गणी काढू शकत होते. इथे तशी संघटना नव्हती आणि सरकारला हुकूम काढायची सवय होती.

मग प्रांताप्रांतानं आपापले कायदे केले. एका प्रांतात पास झालेला बॉयलर दुसऱ्या प्रांतात नापास होई. १९२० मध्ये सरकारनं समिती बसवली, तिनं पुढच्या वर्षी अहवाल दिला आणि १९२३ चा इंडियन बॉयलर्स अ‍ॅक्ट आला. नोंदणी केल्याशिवाय आणि चालू प्रमाणपत्राशिवाय बॉयलर पेटवायचा नाही. अपघात झाला तर चोवीस तासांत कळवायचं. आपलं 'बाष्पके संचालनालय' हे सरकारी मराठी नाव या कायद्याचंच अपत्य. 'बाष्पक' हा शब्द बॉयलरवर काम करणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून मी ऐकलेला नाही, पण पाटीवर तो छान दिसतो.

त्याच १९२३ सालात आणखी एक कायदा झाला. कामावर जखमी झालेल्या वा मेलेल्या मजुराला मालकानं भरपाई द्यावी, असं सांगणारा वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अ‍ॅक्ट. बॉयलरचा कायदा १ जानेवारी १९२४ ला अमलात आला, मजुराचा १ जुलैला. सहा महिन्यांचा हा फरक योगायोगाचा असेल. मोठा फरक दुसरा आहे. मँचेस्टरमधला गिरणीमालक १८५८ पासून आपल्या पिंपाची किंमत वसूल करू शकत होता. त्याच पिंपाला आग घालणाऱ्याच्या बायकोला मालकाची चूक सिद्ध न करता भरपाई मागता येऊ लागली ती १८९७ च्या कायद्यानं. एकोणचाळीस वर्षांनी. मुंबईतल्या बाईला आणखी सत्तावीस वर्षं थांबावं लागलं. यंत्राची किंमत ठरवणं सोपं होतं, बिल हाताशी होतं.

आपल्याकडच्या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते ती महत्त्वाची आहे. हातोडी सरकारकडे गेली आणि पॉलिसी विमा कंपनीकडे. मँचेस्टर आणि हार्टफर्डमध्ये बॉयलरच्या आत शिरणारा आणि फुटल्यावर पैसे देणारा एकाच मालकाचा नोकर होता. तपासणी चुकली तर फटका स्वतःच्याच तिजोरीला. इथे तपासनीसाच्या सहीचा आणि विमा कंपनीच्या नफ्याचा संबंध उरला नाही. कारखानदाराच्या दृष्टीनं एक दाखला सरकारचा, एक दाखला विम्याचा, आणि दोन्ही फायलीत.

बॉयलरखेरीजच्या यंत्रांना तर तपासनीसही नव्हता. १९१५ साली टाटांची वीज खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांत आली आणि वाफेचं एक अजस्र इंजिन दोर आणि पट्ट्यांनी सगळे मजले फिरवत असे, त्याच्या जागी हळूहळू मोटारी आल्या. इंजिन मोडलं की पूर्वी सगळी गिरणी थांबायची. आता एक मोटार गेली तर एक खातं थांबतं. बिघाड लहान झाले, पण संख्येनं वाढले. १९७३ मध्ये साधारण विमा सरकारच्या हाती आला. इंजिनियरिंग विम्याचे दर छापील कोष्टकातून ठरत: अमुक जातीचं यंत्र, तमुक दर. कोष्टक यंत्राची जात विचारतं, त्याला तेल कोण घालतो ते विचारत नाही. २००७ च्या सुरुवातीला ही कोष्टकं गेली, दर मोकळे झाले, आणि फ्लेचरनं दीडशे वर्षांपूर्वी सांगितलेली हप्ता खाली आणायची शर्यत आपल्याकडेही पाहायला मिळाली.

पॉलिसीचा मजकूर मात्र जुनाच राहिला. 'अचानक आणि अनपेक्षित' झालेलं नुकसान भरून मिळेल; झीज, गंज, आणि विमा घेताना मालकाला ठाऊक असलेला दोष यांचं मिळणार नाही. यंत्र चालू असो, थांबलेलं असो की साफसफाईसाठी खोललेलं, संरक्षण आहे. विम्याची रक्कम मात्र ते यंत्र आज नवं आणून, वाहतूक-जकातीसह बसवायला जे लागेल तेवढी धरायची. इथे आपले लघुउद्योजक हमखास अडकतात. पंधरा वर्षांपूर्वी दोन लाखांना घेतलेल्या यंत्राचा विमा दोन लाखांचाच उतरवायचा, कारण हिशेबाच्या वहीत तर त्याची किंमत वीस हजारांवर आलेली असते. नवं यंत्र आज आठ लाखांचं असेल तर कंपनीच्या लेखी विमा चौथाईच, आणि पन्नास हजारांच्या दुरुस्तीचेही साडेबारा हजार. त्यातून मालकानं सोसायची ठरलेली रक्कम वजा. मग "विमावाले लुबाडतात" हे वाक्य चहाच्या टपरीवर पक्कं होतं.

भांडण सगळ्यांत जास्त होतं ते 'अचानक' या शब्दावरून. बेअरिंग वर्षभर झिजत होतं आणि मंगळवारी तीन वाजता जाम झालं. ते झिजणं हळूहळू, पण जाम होणं अचानक. बेअरिंगचे पैसे नाहीत, पण त्यामुळे वाकलेल्या शाफ्टचे? ब्रॉक्टनची चीरही दहा-वीस वर्षं सरकत होती आणि एका क्षणात फाटली. सर्व्हेअर तुटलेला तुकडा उलटून पाहतो: चिरेची जुनी बाजू गुळगुळीत, काळपट, शेवटच्या क्षणी तुटलेली बाजू खडबडीत, चकचकीत. मायकेल लाँगरिजनं आपल्या अहवालांत याच खुणा टिपल्या होत्या. फरक एवढाच की त्याला पुढचं इंजिन वाचवायचं होतं. इथे बहुधा समोरचा दावा बसतो की नाही एवढंच पाहायचं असतं, आणि तो कागद त्या फाइलपलीकडे जात नाही. शेजारच्या कारखान्यात तसंच बेअरिंग तसंच झिजत असतं.

हे बदलतंय का? २००७ च्या दुरुस्तीनं बॉयलरची तपासणी सरकारी निरीक्षकांबरोबर मान्यताप्राप्त खाजगी माणसांना आणि संस्थांनाही खुली झाली. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्यानं घेतली आहे. फेअरबेर्नची वर्गणीवाली संघटना आणि लाँगरिजची कंपनी यांच्यातलं भांडण त्यामुळे आपल्या दारात नव्यानं आलंय. पैसे मालकाकडून घेणारा तपासनीस मालकाला "बंद करा" म्हणू शकेल का? हार्टफर्डवाले म्हणू शकत, कारण न म्हटल्यास भुर्दंड त्यांनाच होता. आपल्या खाजगी तपासनीसाला तो नाही.

सहकारी साखर कारखान्यात हा प्रश्न चांगलाच बोचतो. उसाच्या चिपाडावर चालणारे त्यांचे बॉयलर गाळप हंगामात अखंड पेटलेले असतात. एक नळी फुटून चार दिवस गाळप थांबलं तर तोडलेला ऊस गाड्यांवर वाळतो, उतारा घसरतो, आणि ते वजन ज्याचं घटतं त्या शेतकऱ्याचं नाव कारखान्याच्या कुठल्याच पॉलिसीत नसतं. नफ्याच्या बुडीचा वेगळा विमा मिळतो, पण तो कारखान्याच्या नफ्याचा.

हंगाम संपला, पावसाळा तोंडावर आला की हे बॉयलर उघडतात. नळ्यांची जाडी आता अल्ट्रासॉनिक यंत्र लावून मोजतात, जोडांचे एक्स-रे काढतात. तरी ड्रमच्या आत माणसाला जावंच लागतं, मॅनहोल अजूनही तेवढंच अरुंद आहे. तो आत उतरण्याआधी शेजारच्या चालू बॉयलरकडून येणारी वाफेची लाइन बंद केली आहे ना, ते पाहतात. आणि तो आत असेपर्यंत मॅनहोलच्या तोंडाशी दुसरा एक माणूस बसवून ठेवतात. त्याचं काम फक्त आतून येणारा आवाज ऐकत राहणं.